काकूचं 'नाही'

आमचे काका गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचे. गल्लीत त्यांना 'निळेकाका' म्हणत, कारण ज्योत निळीशार झाल्याशिवाय ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडायचे, पिनेने एकेक भोक मोकळं करायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. "शेगडीला नीट श्वास घेऊ द्या, मग ती तुम्हालाही घेऊ देईल," हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे. बोलायला भारी माणूस.

एका म्हातारीच्या घरी सगळं बिनसलं. बर्नर धुऊन, पुसून, बसवून झाले आणि काकांना पुसटसा गॅसचा वास आला. म्हातारी म्हणाली, "छे हो, तुमच्या हातांनाच येतोय." काकांनी हात हुंगले, हसले आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघराने पेट घेतला. म्हातारी वाचली नाही. चौकशीत रबरी नळी उंदराने कुरतडलेली निघाली. काकांवर ठपका आला नाही, पण तेवढ्याने काय होतंय? त्या दिवसापासून तो वास त्यांच्या मागेच लागला.

जेवताना यायचा, दाढी करताना यायचा, भर रस्त्यात यायचा. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मान्य. पण काका पाणीसुद्धा फुंकायला लागले. कामावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचे. घरी तर जेवणावरून उठून ओट्याशी जायचे. शेवटी काकूने फेसाची वाटी हातातून काढून घेतली. "घरात हे नको. वास आला की मला विचारा."

तेव्हापासून काका विचारायचे, "अगं, वास?" काकू "नाही" म्हणाली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टरला जमलं नाही ते काकूच्या एका शब्दाने केलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. अक्कल माझी!

एका दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. दार लोटलं आणि गॅसचा भपकाराच आला. बाहेरच्या खोलीत काका पलंगावर डोळे मिटून बसले होते. "नाही, काही नाही, ती नाही म्हणालीय," असं पुटपुटत होते. आत काकू चहाचं आधण ठेवून काडी ओढायच्या बेतात होती.

मी ओरडत धावलो. काडेपेटी हिसकावली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"काकू, अगं, केवढा वास येतोय!"

ती म्हणाली, "मला वासच येत नाही रे. मागे तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून. भाजी करपली तरी कळत नाही."

"मग काकांना 'नाही' कशी म्हणायचीस?"

"येत नव्हता म्हणून नाही म्हणायचे. त्यात खोटं काय? आणि मी नाही म्हटलं की त्यांना झोप लागायची."

काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घर मोकळं झाल्यावर त्यांनी रेग्युलेटर क्षणभर उघडला आणि शेगडीच्या कॉकच्या, म्हणजे चावीच्या, मुळाशी फेस लावला. एक बुडबुडा फुगला, मग दुसरा. साऱ्या गल्लीच्या शेगड्या सांभाळणाऱ्याच्या घरी कॉकचं वंगण सुकून गेलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"म्हणजे होता," काका म्हणाले.

मला वाटलं, आता सुटले. आपलं नाक खरं होतं हे तरी कळलं. पण ते काकूकडे वळून हळूच म्हणाले, "मग आधीच्या वासांतले खरे कुठले होते गं?"

त्यांनी कॉकला वंगण घातलं, पुन्हा फेस लावून पाहिला, ज्योत पेटवली. निळीशार. काकूने चहा केला. कप तोंडाशी नेताना काका थबकले.

"अगं, वास?"

काकू माझ्याकडे बघायला लागली. मी खोल श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

"नाही, काका. खरंच नाही."

काकांनी मान हलवली आणि घोटभर चहा घेतला. मग मला विचारलं, "आणि उद्या?"