आत्यांची पाच मिनिटं

अख्ख्या गावाला पाच मिनिटं गप्प बसवणारी एकच बाई मी आजवर पाहिली. गाव कुरुंद्यापासून आत, हळदीच्या पट्ट्यातलं. तिथली माणसं घरातसुद्धा मध्ये दोन शेतांचं अंतर असल्यासारखी मोठ्यानं बोलतात. अशा गावात आत्या माणसाला खुर्चीवर बसवायच्या, रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळायच्या, मनगटावरच्या मोठ्या पुरुषी घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आता पाच मिनिटं चूप. कोणाचं काही जळून न्हाई राहिलं." सरपंचांचा फोन वाजला तर तो त्यांच्या हातातून काढून हळदीच्या पोत्यावर ठेवून द्यायच्या. एकदा भांडणाऱ्या दोन जावांना त्यांनी एकाच बाजेच्या दोन टोकांना बसवलं. पाच मिनिटं दोघी मुक्या. सहाव्या मिनिटाला धाकटीनं भांडण जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुन्हा उचललं. आत्या तोवर दोघींचे आकडे लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांचं काम मीच त्यांना दिलं होतं. मी तेव्हा हिंगोलीच्या कार्यालयातून एका संशोधन प्रकल्पाची तालुक्याची बाजू सांभाळत होते. प्रकल्पाचा प्रश्न साधा होता. रक्तदाबाच्या गोळ्या लोकांच्या घरी नेऊन दिल्या आणि त्या खाल्ल्या की नाही हे दर आठवड्याला कोणी बघितलं, तर हृदयविकार आणि लकवा कमी होतो का? काही गावांत गोळ्या घरपोच, काही गावांत नेहमीसारखं ज्यानं त्यानं आरोग्य केंद्रात जायचं. फरक दिसला तर घरपोच गोळ्या तालुकाभर सुरू होतील, असं वरून सांगितलं गेलं होतं. माझ्याकडे गावांच्या, घरांच्या आणि माणसांच्या याद्या होत्या, आणि प्रत्येक यादीला चार रकाने.

गावातून एक बाई हवी होती. लिहिता येणारी, पायी फिरणारी, दर घरात शिरू शकणारी. आत्या नववीपर्यंत शिकलेल्या. नवरा कळमनुरीला आडत दुकानात कामाला होता; चाळिशीत, ऐन बाजाराच्या दिवशी छातीत कळ येऊन गेला. ते घड्याळ त्याचं. मूलबाळ नव्हतं, म्हणून थोरले भाऊ लिंबाजीदादा जाऊन त्यांना माहेरी घेऊन आले. गावाची लेक परत आली, म्हणून त्या सगळ्या गावाच्या आत्या. मुलाखतीत मी विचारलं, हे काम काहून करायचं तुम्हाला? काहून म्हणजे का; तिकडच्या बोलीतला हा शब्द माझ्याही तोंडी बसला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या मालकाचा आकडा कोणी घेतलाच न्हाई, मॅडम. घेतला असता तर निदान मला ठाऊक असतं, कशानं गेले ते."

मोजण्याच्या बाबतीत त्या माझ्याहून कडक होत्या. तीन वेळा मोजायचं, पहिला आकडा सोडायचा, हा नियम मी एकदाच सांगितला होता. चहा प्यायलेल्या माणसाला त्या अर्धा तास थांबवायच्या. शेतातून आलेल्याला आधी पाय धुवायला लावायच्या. आकडा वाईट आला तर तोंडावर काही दिसू द्यायच्या नाहीत. "हे माझ्या कामाचं, तुमच्या डोक्याला तकलीफ काहून?" म्हणत कागद पालथा घालायच्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहायच्या.

फक्त एक माणूस त्यांना पाच मिनिटं गप्प बसवता आला नाही, तो म्हणजे लिंबाजीदादा. दादा बोलण्याचे पक्के. भाव, पाऊस, कोणाची सोयरीक कुठं मोडली, सगळं त्यांना माहीत. पट्टा दंडाला असताना ते माझ्याकडे वळून सांगायचे, "मॅडम, ह्या पोरीला लहानपणी मी खांद्यावर बसवून नरसीच्या यात्रेला नेलं. आता ही मला चूप म्हणून राहिली." आत्या म्हणायच्या, "दादा, तोंड मिटा. आकडा वर चाललाय." "चढू दे की. हळदीचा भाव चढत न्हाई, निदान माझं काहीतरी चढू दे!" मग आत्या पट्टा सोडायच्या, घड्याळ बघायच्या आणि पहिल्यापासून सुरू. दादांच्या घराचा, म्हणजे घर क्रमांक एकवीसचा कागद माझ्याकडे नेहमी खाडाखोड होऊन यायचा.

आकडा मोजून घ्यायला गाव तयार झालं. गोळीचं तसं नव्हतं. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग गोळी काहून खायची?" हा प्रश्न प्रत्येक ओसरीवर होता. काहींना गोळीनं सारखं लघवीला जावं लागायचं. शेतात राबणाऱ्या बाईनं जायचं कुठं? कोणाचे उपास असायचे, आणि गोळी जेवणानंतरची, म्हणजे जेवण नाही तर गोळी नाही. आत्या एकेकाला समजावत बसायच्या. "अगं, दुखायला लागल्यावर ही गोळी काही कामाची न्हाई. दुखू नये म्हणून हाय ती. पीक गेल्यावर कुंपण घालशील का?" दर मंगळवारी त्या गोळ्यांचं पाकीट मागून घ्यायच्या. सात गोळ्या कमी झालेल्या दिसल्या की वहीत बरोबरची खूण. सुरुवातीच्या महिन्यांत त्या गावाच्या रकान्यात खुणा कमी आणि फुल्याच जास्त होत्या.

आता मी काय केलं ते लिहिते. एका मंगळवारी मी गावात गेले. पारावर पंधरा-वीस माणसं होती. वही उघडून, मला सवय आहे तशा खणखणीत आवाजात मी म्हणाले, "गोळ्या उरलेल्या दिसल्या तर वरचे लोक आत्यांना जाब विचारतील. तुमच्या गावात दुसरी बाई नेमतील." धमकी नव्हती, काम पुढं सरकवण्याची एक पद्धत होती. इतर गावांतही मी असं काहीबाही बोलले होते. आत्या मागं उभ्या होत्या. त्यांना हसू आलं. "मला कोण काढून टाकतंय, मॅडम? माहेर हाय माझं."

माहेर होतं, हेच मी हिशेबात धरलं नव्हतं. त्या गावात गावाची लेक कोणाच्याही दारातून रिकाम्या हातानं जात नाही. आत्यांच्या पिशवीत मशीनच्या शेजारी नेहमी काहीतरी असायचं. शेवग्याच्या शेंगा, अंबाडीची जुडी, ओंजळभर तीळ. पुढच्या मंगळवारपासून घरोघरी त्यांच्या हातात गोळ्यांची पाकिटंही तशीच पडायला लागली. सात गोळ्या कमी, सगळीकडे, न चुकता. महिन्याभरात रकान्यात एकही फुली राहिली नाही. मी ती वही इतर गावांतल्या बायांना दाखवायला सोबत नेऊ लागले.

रक्तदाबाचे आकडे मात्र खाली येईनात. कार्यालयातल्या डॉक्टरांनी मिठाची शंका घेतली. आत्यांनी घरोघरच्या लोणच्याच्या बरण्या पाहिल्या, ठेच्यात मीठ किती पडतं ते लिहून आणलं. मग त्यांनी मशीनवर संशय घेतला. दोनदा त्या एस.टी.नं हिंगोलीला मशीन तपासून घ्यायला आल्या; दोन्ही वेळा मशीन बरोबर निघालं. मग म्हणाल्या, "माझा हात चुकत असेल. तुमी एकदा माझ्यासमोर मोजा." मी मोजलं, तेच आकडे. त्यांनी मिठावर, मशीनवर, स्वतःच्या हातावर संशय घेतला. माणसांवर घेतला नाही. मीही घेतला नाही, कारण माझा रकाना भरलेला होता.

हळद शिजवायच्या दिवसांत, भर सकाळी कढईजवळ बोलता बोलता लिंबाजीदादांचं वाक्य मध्येच थांबलं. लोकांना वाटलं ठसका लागला. उजवा हात खाली पडला आणि दादा बसल्या जागी कलंडले. नांदेडला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

दवाखान्यात त्यांचे जुने कागद मागितले म्हणून आत्या घरी आल्या. वरच्या फळीवर दादांचा एक डबा होता. वसमतच्या मोंढ्यात व्यापाऱ्याला दाखवायला हळदीचा नमुना ते त्यात ठेवायचे. कागद त्यातच असतील म्हणून आत्यांनी तो उघडला. हळदीच्या कांड्यांखाली गोळ्या होत्या. मूळच्या पांढऱ्या, आता पिवळ्या पडलेल्या. दर सोमवारी दादा पाकिटातून त्या सोडवून डब्यात टाकत होते. औषध फेकून देणं त्यांच्या मनाला पटलं नसावं.

नांदेडहून परत आल्यावर आत्या घरोघर फिरल्या. मशीन नेलं नाही. उंबऱ्यात उभं राहून एवढंच म्हणाल्या, "दादाचा डबा सापडला. तुमचा कुठं हाय?" आधी सगळे नाही म्हणाले. मग त्या जावांपैकी धाकटीनं आतून बिस्किटांचा जुना डबा आणला आणि रडत म्हणाली, "आत्या, तुमचं काम जाईल म्हणून केलं वो. तुमचं नाव खाली नको जायला." त्यानंतर एकेक घरातून गोळ्या बाहेर आल्या. रुमालाच्या गाठीत, काचेच्या बरणीत, देव्हाऱ्यामागच्या वाटीत. खरोखर खाणारी घरं चार-सहा निघाली.

सगळ्या गोळ्या तुपाच्या एका डब्यात घालून आत्या माझ्यासमोर आल्या. डबा टेबलावर ठेवला.

"लिहा, मॅडम. खरं काय ते लिहा."

मी म्हणाले, "आत्या, हे लिहिलं तर तुमचं गाव यादीतून जाईल. काम जाईल."

"आन न्हाई लिहिलं तर?"

न लिहिलं तर, मी सांगितलं, गोळ्या खाऊनही काही फायदा होत नाही, असं कागदावर निघेल.

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "म्हंजे गोळी खोटी ठरंल. न्हाई, गोळी खोटी न्हाई. आमी खोटे निघालो. आमचंच लिहा."

मी लिहिलं. इतर गावांच्या वह्याही मग मी पुन्हा तपासल्या. जिथं जिथं पारावर उभी राहून मी खणखणीत बोलले होते, तिथं तिथं थोड्याफार फरकानं तेच निघालं. आत्यांचं गाव वगळलं गेलं, मग आणखी काही. उरलेल्या गावांवरून काही ठरवता येत नाही, असा शेरा आला. घरपोच गोळ्यांची गोष्ट तिथंच संपली. आता तिकडच्या माणसांनी आरोग्य केंद्रात जायचं, रांग लावायची, गोळ्या संपल्या असतील तर पुन्हा जायचं. कोण जातं?

मशीन परत घ्यायला मीच गेले, कारण सामानाची यादी माझ्याकडे होती. मशीन एक, पट्टे दोन, वजनकाटा एक, वह्या पाच. आत्यांनी सगळं पुसून ओळीनं मांडून ठेवलं होतं. मला वाटलं होतं गाव त्यांना जपेल. पण गावही दुखावलं होतं. ज्यांनी आत्यांसाठी गोळ्या लपवल्या त्यांचीच नावं आत्यांनी वर कळवली, असं लोकांनी धरलं. "ये म्हणतात," आत्या म्हणाल्या, "बस म्हणत न्हाईत." त्या दिवशी त्यांच्याबरोबर मी गावातून फाट्यापर्यंत चालले. त्यांची पिशवी रिकामी होती.

त्यानंतर मी दुसऱ्या नोकरीला लागले. मध्यंतरी, हळद लावून झाल्यावर, वसमतकडे काम निघालं तेव्हा वाट वाकडी करून गेले. सोबत माझं घरचं मशीन घेतलं होतं, त्यांना ठेवायला. आत्यांनी हातात घेतलं आणि परत दिलं. "कोणाचं मोजू? आकडा बघून हातावर ठेवू काय? गोळ्या हायत का माझ्याकडं?" मग काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाल्या, "एकदा दादाचं बघू."

दादा ओसरीवर खुर्चीत होते. आत्या स्वतः दर महिन्याला केंद्रात जाऊन, रांगेत उभ्या राहून त्यांच्या गोळ्या आणतात आणि रोज हातानं भरवतात. त्यांनी दादांच्या डाव्या हाताची बाही वर केली, पट्टा गुंडाळला आणि घड्याळ बघितलं. "चूप" म्हणाल्या नाहीत. पाच मिनिटं पूर्ण झाली. दादांची नजर माझ्यावर होती, ओठ थोडे हलत होते, आवाज नव्हता.

आकडा आला. आत्यांनी नियमाप्रमाणे पहिला सोडला, दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. तिन्ही वेळा अगदी हवा तसा. लिंबाजीदादांच्या कागदावर असा आकडा कधीच आला नव्हता. आत्यांनी मशीन माझ्याकडे वळवलं.

"बघा मॅडम. लागू पडती का न्हाई गोळी? लिहा."

मी पर्स उघडली. पेन होतं. कागद एकच होता, सकाळी हिंगोलीहून निघताना केलेली घरच्या सामानाची यादी. तिच्या खाली मी घर क्रमांक एकवीस लिहिलं आणि पुढं आकडा. आत्यांनी वाकून तो तपासला.

"बराबर," म्हणाल्या, आणि दादांची बाही खाली केली.