सहा शनिवार मी ताई होतो

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा अर्धंच: महिला पत्रकारांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात मी सहा शनिवार बाई म्हणून बसलो होतो.

त्याआधीचं सांगतो, खरी चूक तिथं आहे. नांदेडच्या आमच्या वृत्तपत्र कार्यालयाचा मी प्रमुख, आणि तिथं एकच मुलगी वार्ताहर. तिनं या प्रशिक्षणाचा अर्ज भरून शिफारशीसाठी माझ्याकडं दिला. मोबाइलवर बातमी चित्रित करणं, फोटो खरा की खोटा ते तपासणं, आणि सोबत एक अनुभवी मार्गदर्शक. मला यातलं ओ की ठो येत नव्हतं. ही शिकून आली तर आपली काय किंमत राहील, या भीतीनं तिचा अर्ज मी ड्रॉवरमध्ये सारला आणि बायकोला वार्ताहर दाखवून तिच्या नावानं दुसरा भरला. शिफारस माझीच: 'अत्यंत होतकरू व मनमिळाऊ.'

बायको शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "पंचवीस वर्षांत तोंडावर कधी म्हणाला नाहीत, आणि अर्जात मनमिळाऊ!" ड्रॉवरचं तिलाही माहीत नाही.

मार्गदर्शक बाई लातूरच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. माझा कॅमेरा 'बिघडलेला', माइक 'बिघडलेला'. मी नुसता टाइप करायचो. एकदा माइक चालू राहिला आणि मी खोकलो.

"ताई, घसा लईच बसलाय की तुमचा," बाई कळवळल्या. "हळद टाकून दूध घ्या."

घेतलं. तेवढं तरी खरं.

चौथ्या शनिवारी कार्यालयातल्या अडचणींचा विषय निघाला. "ताई, तुम्ही काहीच बोलत नाही." मला कसली अडचण? मग आमची वार्ताहर मला जे सांगते तेच लिहिलं: साहेब मला हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धेलाच पाठवतात. महापालिकेची सभा मागितली की 'बघू' म्हणतात.

प्रशिक्षणातली औशाची एक उसळली, "असला साहेब विष्णुपुरीच्या धरणात सोडून यावा!"

"नको गं," रेणापूरची म्हणाली, "लोकांला पाणी प्यायचं असतंय."

मी हसरा चेहरा पाठवला.

"हसण्यावारी नेऊ नका, ताई," लातूरच्या बाईंनी दटावलं आणि गृहपाठ दिला: साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून मागणी मोठ्यानं म्हणायची.

एवढं खोटं झालं होतं, निदान गृहपाठ तरी खरा करावा म्हणून सोमवारी मी केबिनमध्ये माझ्याच रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिलो. "सर, मला महापालिकेची सभा द्या."

दारात आमची वार्ताहर. "सर, कुणाला बोलून राहिले?"

"सराव."

"मग काय म्हणली खुर्ची?"

"बघू म्हणाली."

"हाव, ती तसंच म्हणती." ती खूप हसली. मग आवाज उतरला. "सर, त्या प्रशिक्षणाला माझं नाव का लागलं नसंल? माझं लिहिणंच कच्चं हाय का? म्हणून परत कुठं अर्ज केला न्हाई मी."

नाव लागलं नाही, हे तिला मीच सांगितलं होतं.

त्या दिवशी तिला महापालिकेची सभा दिली. बातमी तिनं अशी आणली की मला एक शब्द बदलता आला नाही. "सर, तुम्ही लई चांगले," म्हणाली. मी फाइल चाळत बसलो.

तिचा अर्ज कुणी नाकारला नव्हता, तो मी पाठवलाच नव्हता, हे तिला तोंडावर सांगणं मी अजून देणं लागतो.