पपईची फोड

शेजारच्या मालतीबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. फळांच्या ताटात चुकून आलेली पपईची फोड मालतीबाईंनी विंचू असावा तशी चिमटीत धरून बाहेर नेली. गेल्या ग्रहणात त्यांनी सुनेला सुरीला हात लावू दिला नव्हता. आणि आता फोड टाकून आल्यावर त्याच हातांनी त्यांनी तिच्यापुढे रेड वाइनचा ग्लास ठेवला.

"आपल्याच मळ्यातली द्राक्षं आहेत. रक्त वाढतं."

"ती दारूच असते, मालतीबाई. बाळापर्यंत पोचते," मी म्हटलं.

"द्राक्षाची कसली आलीय दारू?"

आपल्याकडे भीतीसुद्धा सासूकडून सुनेकडे येते. पपईची आली, ग्रहणाची आली. या ग्लासाची कुठून येणार? मालतीबाईंच्या सासूच्या काळात बाईपुढे तो कुणी ठेवलाच नव्हता.

सुनेने ग्लास हळूच माझ्याकडे सरकवला. हात धुवायला मी मागे गेले, तर ती पाठोपाठ आली.

"काकू, दिवस गेल्याचं मला उशिरा कळलं. तोवर मैत्रिणींबरोबर बऱ्याचदा घेतली होती. त्याने काही होतं का?"

"मला नाही सांगता येणार. आता घेऊ नकोस, आणि डॉक्टरांना सगळं सांग."

"त्यांनी कधी विचारलंच नाही."

आतून हाका आल्या. तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बायका हसत म्हणत होत्या, "उघड गं, बघू काय निघतंय." तिचा हात कितीतरी वेळ झाकणावरच राहिला.