घागरभर समुद्र
धुण्याला नीळ देताना हात निळे झाले की मला दुष्काळातला तो दिवस आठवतो. शाळेत गुरुजींनी समुद्रातल्या किल्ल्याची लढाई सांगितली होती. ती खेळायला चुलतबहिणीने आणि मी परसात काळ्या मातीचा किनारा केला, खाडी कोरली, मधोमध किल्ला उभा केला. ज्वारीच्या धाटांच्या भेंडाची गलबतं केली आणि सोसायटीच्या खताच्या पोत्याची शिडं लावली. किल्ला तिचा, गलबतं माझी. समुद्र तेवढा नव्हता. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली होती, टँकर उद्या येणार होता आणि घरात एकच घागर पाणी होतं. अर्धीच ओतायची ठरवली होती, पण समुद्र पुरेना, म्हणून सगळी ओतली आणि वर नीळ टाकली. गलबतं क्षणभर डोलली. मग खालच्या भेगेतून घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि पाणी जमिनीत गेलं. "तुजी गलबतं बुडायच्या आदीच वाळली की गं!" बहीण हसली, पण रिकामी घागर दिसताच पळाली. मी दाराआड बसून राहिले. सांजेला आई धुळीने पांढरी होऊन आली. तिने घागर तिरपी केली, तळाशी घोटभर निघालं. "पानी कुनी सांडलं?" तिने माझे निळे हात पाहिले. मार बसणार म्हणून मी डोळे मिटले, तर तांब्या ओठांना लागला. "पी. मला तहान न्हाई." तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मागच्या वर्षी लेकीने मला खरा समुद्र दाखवला. लाट मागे सरली, तशी मी घाबरून वाळूत भेग शोधू लागले.