मामांच्या दुखण्यात मी दिलेली साक्ष

आमच्या ह्यांना हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, पोटच्या मुलीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी दर वेळी एवढं सोडून बाकीचं बोलत आले — जसं काही त्याला ठाऊकच नाही! आज तुम्हाला सांगायला बसलेय. कुठून सुरू करू?

सासऱ्यांपासूनच करते. मी त्यांना मामा म्हणायचे.

माझं माहेर सापगावचं. शहापूरच्या कॉलेजात बारावी झाले आणि लग्न होऊन मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढच्या एका लहानशा गावात आले. त्या घरात बारावी शिकलेली मी पहिलीच बाई. मामांना त्याचं कोण कौतुक! धसईच्या बाजारात भेंडी-काकडी घेऊन बसायचे, तर गिऱ्हाइकालाही ऐकवायचे, "आमची सून बारावी हाय." त्याला काकडी हवी असायची, सून नको असायची — पण मामा सांगणारच. आमचे हे अंबरनाथच्या कंपनीत. अंधारात जायचे, अंधारात यायचे. म्हणून बँक, तलाठी, दवाखाना, सगळीकडं मीच. मला ते आवडायचंही. खोटं कशाला बोलू? मिरवायचे मी.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली आणि मामांची कंबर धरली. आता, आवणीनंतर कंबर कुणाची धरत नाही? पण मामांनी बाजारात बसणंच सोडलं. एसटीत चढेनात. गोठ्यामागं जायचे ते कितीतरी वेळ परत यायचे नाहीत. मला दिसत होतं. सुनेला सगळं दिसतं हो, घरातली धोतरं तीच धुते. एकदा मामांच्या धोतरावर लालसर डाग होता, तोही मी धुतला. धुतला आणि वाळत घातला.

एक दिवस सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. पदर तोंडाशी धरून, भिंतीकडं बघत म्हणाल्या, "डाक्टरला सांग गो, यांना लघवीला व्हत नाय नीट. थेंब थेंब व्हते, आग व्हते. मना काय बोलता यायचा नाय. तू शिकलेली हायस." त्यांनी तरी ते कसं सांगितलं असेल! कान लाल झाले होते म्हातारीचे.

दुसऱ्या दिवशी मी मामांना बाजारातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण, घाटावरचे; दोन-तीन वर्षांपूर्वी येऊन दवाखाना टाकलेला. स्कूटरवरून वाड्यापाड्यांपर्यंत जायचे, माणूस साधा. दवाखाना म्हणजे एक गाळा, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं बाकड्यावर गावातल्या बायका — त्यात आमच्या शेजारची. हिच्या कानावर एक अक्षर पडलं की सांजेला गावभर.

आत एकच बाकडं. मामांच्या शेजारी मी आयुष्यात कधी बसले नव्हते. ते बोलत असले तर मी दाराआड उभी राहायची, डोक्यावरून पदर. त्या दिवशी मामा बाकड्याच्या पार टोकाला सरकले, अर्धे बाहेर. मीही दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मामा खाली बघत राहिले. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. सून सांगेल, सून बारावी आहे.

मी म्हटलं, "कंबर दुखते यांची."

झालं. एवढंच निघालं तोंडातून. लघवी हा शब्द मामांसमोर उच्चारायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शाळेतला शब्द होता की — तो काय शिवी होता? पण पडद्यापलीकडची बांगडी वाजली आणि माझी दातखीळ बसली. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मामांना खरंच बरं वाटलं, आठ-पंधरा दिवस. मग पुन्हा गेलो. मग पुन्हा. घरी सासूबाई डोळ्यांनीच विचारायच्या, आणि मी मान हलवायची. सांगितलं, अशी.

एवढंच असतं ना, तर मी आज तुमच्यापुढं बसले नसते. लाजले, गप्प राहिले — कितीजणी राहतात. पण अजून एक आहे. किती दिवस मी त्याला बगल देत आले, आत्तासुद्धा देतेय.

डॉक्टरांनी विचारलं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला. मामांचं वय बघून असेल, कंबर सारखी उलटते म्हणून असेल. पेन थांबवून माझ्याकडं बघून म्हणाले, "लघवीला वगैरे काही त्रास? जळजळ, रक्त?" सरळ विचारलं. ज्यासाठी मला पाठवलं होतं तेच माझ्या हातात आणून दिलं त्यांनी. नुसतं हो म्हणायचं होतं. शब्दसुद्धा मला उच्चारायला लागणार नव्हता!

मी म्हटलं, "नाही."

मामांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. म्हातारा माणूस, त्यालाही तोंड होतं, तो का नाही बोलला — असं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं. पण सून नाही म्हणाल्यावर तिच्यासमोर तिला खोटं कोण पाडणार? मामा तर नाहीच नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग एका सकाळी मामा अंगणात उठायला गेले आणि पाय उचलेनात. कल्याणला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं — प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलाय, मणक्यापर्यंत गेलाय. आता आटोक्यात ठेवायचं, बरं व्हायचं नाही. "आधी का नाही आणलंत? लघवीचा त्रास तर केव्हापासून असणार." हे माझ्याकडं वळले. "तू धसईच्या डॉक्टरला सांगितलं होतंस ना?" सासूबाई मध्येच बोलल्या, "तर! पयल्या दिवशीच सांगलान तिनी." मूग गिळून उभी राहिले, आणि ते हो ठरलं.

ह्यांचं डोकं फिरलं. बाप लुळा पडलेला, आणि तो डॉक्टर दीड वर्ष कमरेत सुया टोचत बसला! मुरबाडच्या एका वकिलाकडं आम्ही दोघं गेलो. वकील शांत माणूस. त्यांनी एकेक वाट समजावली. पोलिसांत जाता येईल, पण फौजदारीत फार मोठा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, अवघड आहे. डॉक्टरांच्या कौन्सिलकडं तक्रार करता येईल, तिथं नोंदणीवर गदा येते, पण भरपाई मिळत नाही. आणि ठाण्याला ग्राहक मंच आहे; फी देऊन उपचार घेतले म्हणजे तुम्ही ग्राहक, रोग कळल्यापासून दोन वर्षांत अर्ज करा. मोठ्या डॉक्टरांचं मत जोडावं लागेल. मग चष्मा काढून म्हणाले, "पण सगळं एका गोष्टीवर आहे. त्रास डॉक्टरांच्या कानावर घातला होता का? घातला असेल तर केस आहे. नसेल, किंवा त्यांनी विचारून तुम्हीच नाही म्हणाला असाल, तर घरी जा आणि बाबांची सेवा करा. आत कोण असायचं त्यांच्याबरोबर?"

मी असायची.

किती सोपं करून दिलं होतं त्या माणसानं! घरी जा, म्हणाले. तिथं बोलले असते तर काय झालं असतं? ह्यांनी हात उगारला असता? सासूबाईंनी घरातून काढलं असतं? कदाचित. कदाचित नुसतेच रडले असते सगळे. मला ते ठाऊक नाही, कारण मी म्हटलं, "घातला होता. दर वेळी सांगायचे मी. त्यांनी लक्षच दिलं नाही." वर हेही जोडलं. कुणी विचारलंही नव्हतं!

घरी आल्यावर ह्यांनी खाटेवरच्या मामांना विचारलं, "बाबा, हिनं तुमच्यासमोर सांगितलं होतं ना?" मी दारात. मामा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही — राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हां रे. सांगलं तिनी."

ज्या माणसानं बाजारात माप मारायला कधी तराजूच्या काट्याला बोट लावलं नाही, त्याला मी शेवटच्या दिवसांत खोटं बोलायला लावलं. आणि नंतर त्यांचं अंग पुसताना, कूस बदलताना, त्या विषयावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. पुढच्या पावसाळ्याआधीच मामा गेले.

केस पुढं चालली. मी प्रतिज्ञापत्रावर सही केली, सुवाच्य, बारावीची. डॉक्टरांनी उत्तरात म्हटलं की मी विचारलं होतं, सूनबाई नाही म्हणाल्या. पण लेखी त्यांच्याकडं काही नव्हतं, आणि आमच्या बाजूनं मामांचा, गेलेल्या माणसाचा, शब्द होता — जाण्याआधी वकिलांनी लिहून घेतलेला. तोवर धसईत बोभाटा झाला होता. आमच्या शेजारचीनंच केला, आणि मी तिला थांबवलं नाही. दवाखान्यात माणूस फिरकेना. शेवटी डॉक्टरांनी तडजोड केली, भरपाई दिली आणि गाळा बंद करून गेले. त्या पैशांतून आमच्या घरावर स्लॅब पडला. वरच्या पाड्यातल्या बायका पोरांना पाठुंगळी घेऊन मुरबाडच्या गाडीची वाट बघत उभ्या राहायला लागल्या. मी त्यांना बघून मान वळवायची.

इथवर मी जे केलं ते घरच्या धाकानं केलं, असं कुणी म्हणेल. मीही म्हणायचे. पण नंतर काय झालं ते ऐका.

चारेक वर्षांनी मी मुरबाडच्या स्टँडवर शहापूरच्या गाडीला थांबले होते. एकटी. माहेरी निघालेले. समोरून डॉक्टर आले. वाळले होते, केस पिकायला लागलेले. मला वाटलं आता हा चारचौघांत माझी अब्रू काढणार. काढली असती तर चुकलं नसतं. पण ते जवळ येऊन अदबीनं म्हणाले, "वहिनी, ओळखलंत ना? भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी त्या वेळी तुम्हाला लघवीचं विचारलं होतं का हो? माझ्या मनात अगदी पक्कं होतं, विचारलं म्हणून. पण इतकं सगळं झालं, आजोबाही म्हणाले सांगितलं होतं, म्हणजे... आता मलाच खात्री वाटत नाही. तुम्ही नक्की सांगा. मी कुणाला काही बोलणार नाही. मला फक्त कळायला हवंय."

केस संपली होती. मामा नव्हते, सासूबाईही नव्हत्या. हे अंबरनाथला. पडदा नव्हता, बाकड्यावर कुणी ओळखीचं नव्हतं. त्या माणसाला माझ्याकडून पैसा नको होता, माफी नको होती. त्याला त्याचं स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे एवढंच ऐकायचं होतं. आणि ते सांगू शकणारी जगात मी एकटी उरले होते.

मी म्हटलं, "नाही विचारलं तुम्ही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. इतकी वर्षं मी मनात तुम्हाला खोटं म्हणत होतो. माफ करा वहिनी."

मी म्हटलं, "असू द्या."