सिंधुबाईंचा पुढचा स्वेटर

आमच्या पालीत वर्षातले नऊ महिने पंखा बंद करायची सोय नाही. अशा गावात एक बाई स्वतःचे स्वेटर स्वतः विणते आणि दरवर्षी नवा विणते, हे ऐकून लोक हसतात. मीही हसले होते. सोळा वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या शाळेवर आले, सिंधुबाईंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा एप्रिलच्या उन्हात ओसरीवर बसून, पदरानं घाम पुसत, त्या जांभळ्या लोकरीची बाही विणत होत्या. "कुणाला थंडी वाजतेय?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता न्हाई वाजत, मॅडम. पर वाजंल ना कधीतरी."

ह्या एका वाक्यात सिंधुबाई आल्या. जे अजून झालेलं नाही, त्याची त्यांना धास्ती. गॅसचं बटण तीनदा बघतात. अनोळखी नंबरचा फोन आला की तो न उचलता नवऱ्याच्या, सर्जेरावांच्या, हातात देतात. बिंदुसरेचं धरण भरून वाहायला लागलं की आपलं घर उंचावर असूनही ओसरीवरच्या चपला आत घेतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. त्यावर त्या मान डोलवायच्या आणि पुढची सुई, म्हणजे टाक्यांची पुढची ओळ, विणायला घ्यायच्या.

विणायला त्यांना उपकेंद्रावरच्या एका नर्सबाईंनी शिकवलं. पुस्तक नाही, नमुना नाही. एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईच्या पाठीवर चांगली नक्षी दिसली की उतरेपर्यंत तिचे टाके मोजायचे. एकदा त्या नादात बीडला उतरायच्या ऐवजी थेट गेवराईला जाऊन पोचल्या. सर्जेराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, पण ती गोष्ट ते अजून सगळ्या पाहुण्यांना सांगतात.

पुढचा स्वेटर कोणता, हा ह्या बाईचा वर्षभराचा विषय. एकाचा गळा व्हायचा असतो तेवढ्यात दुसऱ्याची लोकर घरात येते. मग तीन रंगांचे गुंडे फळीवर मांडायचे आणि येईल त्याला विचारायचं, दूधवाल्यालासुद्धा. निर्णय मात्र चटकन व्हायलाच हवा, कारण सुया रिकाम्या ठेवायच्या नाहीत. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी कात्री चालवू नये, हे आपण सगळेच ऐकत आलो. रिकाम्या सुयांचा नियम त्यांनी स्वतःच त्यात घातला. एक स्वेटर सकाळी उतरला की त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके पडलेच पाहिजेत.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मला आधी नवल वाटलं आणि मग काळजी. हिरवा स्वेटर होऊन आठवडा झाला होता आणि सुया फळीवर तशाच पडल्या होत्या. लोकरही आणलेली नव्हती.

"काय, यंदा थंडी रद्द?" मी म्हटलं.

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. त्यांच्या मुलीनं, रूपालीनं, पुण्याहून एक फोटो पाठवला होता: तान्ह्या बाळाचा पुढून उघडा स्वेटर, टोपी आणि मोजे. खाली लिहिलं होतं, 'आई, तुझा पुढचा प्रोजेक्ट हाच!'

रूपाली माझ्या शाळेत शिकलेली. आता पुण्यात नोकरी करते, नवरा सतीशही तिथंच. तिला तेव्हा सातवा लागला होता. दोन वर्षांपूर्वी ह्याच सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळं सगळ्यांच्याच जिवाला घोर होता, पण सिंधुबाईंच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते घोराच्या पुढचं होतं. मी दार लावून घेतलं आणि बसले.

"तवा मी विणलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "पिवळं. कुणालाच सांगितलं न्हाई. आपल्यात जल्माच्या आधी लेकराला नवं काय करीत न्हाईत, हे काय मला ठावं नव्हतं? पैलं अंगाला लावायचं ते घरातलं जुनं, धुऊन मऊ झालेलं. पर मला दम निघंना. गळा बंद केला, शेवटची गाठ मारली अन् तिसऱ्या दिशी पुण्याहून फोन आला."

"नाळेला गाठ बसली होती, सिंधुबाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? त्यात तुमच्या विणण्याचा काय संबंध?"

"गाठच होती," त्या म्हणाल्या. "अन् मी हितं बसून काय करीत होते?"

मला राग आला. त्यांचा नाही, त्या विचाराचा. शाळेच्या दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर मुलांसमोर तोडून टाकणारी बाई मी. अर्धा तास त्यांना समजावलं. त्या ऐकत होत्या आणि पटत काहीच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "हे असं मनात ठेवून तुम्ही खंगाल. रूपाली येईल तेव्हा तिला सांगून टाका. शिकलेली पोरगी आहे, हसेल आणि विषय संपेल." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आजही तो दिवस आठवला की मला स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात.

सातवा महिना सुखरूप पार पडला आणि डिसेंबरात रूपाली बाळंतपणाला माहेरी आली. येताना मोठी पिशवी भरून आणली होती: झबली, दुपटी, लंगोट, सगळं कोरं. सिंधुबाईंनी ती पिशवी आत घ्यायला हातसुद्धा लावला नाही. रूपालीनं विचारलं, "आणि माझा स्वेटर? टाके तरी घातलेस का?" मी तिथंच होते. सिंधुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी 'सांगा' अशी मान हलवली. आणि त्यांनी सगळं सांगितलं.

रूपाली हसली नाही. तिनं विचारलं, "गळा कधी बंद केलास? वार कोणता होता?"

"मंगळवार. तिन्हीसांजेला."

रूपाली खाली बसली. मग म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळपासूनच मला ते हललेलं कळलं नव्हतं, आई. मी कुणाला बोलले नव्हते. म्हटलं, झोपलं असेल."

योगायोग म्हणतात तो हाच, हे मला कळत होतं, पण तोंडून तो शब्द बाहेर पडला नाही. रूपालीनं पोटावर दोन्ही हात ठेवले. "मग आता नको विणू," ती म्हणाली.

भीती वाटून घेतली की निम्मी होते असं म्हणतात. इथं ती दुप्पट झाली, आणि वाटणारी मी. एक बाई भीत होती, आता दोघी भिऊ लागल्या, आणि त्यातली एक पोटुशी. दुसऱ्या दिवशी रूपालीनं ती पिशवी वस्तीवरच्या एका बाळंतिणीला देऊन टाकली. घरात बाळाचं म्हणून चिंधीसुद्धा राहिली नाही. फोटोही पुसून टाकला. जेवण झालं की भिंतीला टेकून बसायची आणि बाळ किती वेळा हलतं ते बोटांवर मोजायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणा, दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. पण ती मोजायला लागली की सिंधुबाई समोर येऊन बसायच्या आणि लेकीच्या बोटांकडं बघत राहायच्या. सात झाले, आठ झाले, आणि मध्येच बराच वेळ काहीच नाही. घड्याळाकडं बघायची कुणाची हिंमत व्हायची नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्या दिवसांत घरातली कात्री वापरायची टाळत होते. लाज वाटते, पण खरं आहे.

जानेवारीतली गोष्ट. रविवार होता. अकराच्या सुमाराला सर्जेराव माझ्या दारात आले. पायात चप्पल नव्हती. "मॅडम, चला," एवढंच म्हणाले. सकाळी नाश्ता केल्यापासून बाळ एकदाही हललं नव्हतं. शेजारची जीप काढली. पाली ते बीड वीस मिनिटांची वाट. रूपाली डोळे मिटून बसली होती आणि सिंधुबाई, हिरवा स्वेटर अंगात घातलेला, सारख्या म्हणत होत्या, "मी काय केलं न्हाई गं ह्या वक्ताला. सुईला हात लावला न्हाई. काय बी केलं न्हाई." ते कुणाला सांगत होत्या, देवाला की लेकीला, कोण जाणे.

दवाखान्यात पोटावर यंत्र लावलं. ठोके होते, पण मंद. लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. सर्जेराव औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करत होते, सतीश पुण्याहून निघाला होता. बाकावर आम्ही दोघी. सिंधुबाईंचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका गार होता की मला त्यांची वेगळीच काळजी वाटायला लागली.

पाऊण तासानं सिस्टर बाहेर आल्या. मुलगी झाली होती. पावणेदोन किलोचीही नव्हती. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, श्वासाला त्रास होत होता, चोवीस तास काही सांगता येणार नव्हतं. आई बरी होती. मग त्यांनी विचारलं, "बाळाची टोपी, कपडे?"

आमच्याकडं काहीच नव्हतं. आठ महिने उलटलेली बाळंतीण आणि सोबत एक टोपडंसुद्धा नाही. सिस्टर आमच्याकडं बघत राहिल्या. "अहो, एवढ्याशा जिवाची सगळी ऊब डोक्यातून जाते," त्या म्हणाल्या, "कुणी आणली नाही?" मी धावत समोरच्या दुकानात गेले, सगळ्यात लहान टोपी मागितली. ती आत नेली आणि दोन मिनिटांत परत आली. बाळाच्या हनुवटीपर्यंत येत होती.

"जल्मली ना नक्की?" सिंधुबाईंनी सिस्टरना विचारलं. "रडली का?"

"रडली हो. हळू रडली, पण रडली."

"डोकं केवढं हाय?"

सिस्टरनी दोन्ही हातांची बोटं जुळवून मोठ्या मोसंबीएवढं माप दाखवलं. सिंधुबाईंनी अंगातला हिरवा स्वेटर काढला. बाही त्या खांद्याकडून मनगटाकडं विणतात. मनगट आधी झिजतं, तेवढंच उसवून पुन्हा विणता यावं म्हणून. मनगटाची शेवटची गाठ त्यांनी दातांनी तोडली आणि धागा ओढला. नागमोडी लोकर मांडीवर जमायला लागली. हातातल्या पिशवीच्या तळाशी जुन्या सुया कायमच्या पडून असायच्या, त्या काढल्या. भराभर टाके पडायला लागले.

"लेकरू जल्मलंय," त्या पुटपुटल्या, "अन् लोकर जुनी हाय. माझ्या अंगावरची हाय. आता काय करायचं न्हाई कुणी." सुई सुलट, सुई उलट. मी शेजारी बसून टाके मोजत होते, अंधश्रद्धेवर मुलांना धडे देणारी मी, आणि मनात म्हणत होते की हे पुरं होईपर्यंत आतून कुणी येऊ नये.

दीड तास झाला असेल. आतलं दार धाडकन उघडलं आणि सिस्टर बाहेर डोकावल्या. "रूपालीच्या आई! लवकर या!"

सिंधुबाईंनी मान वर केली नाही. सुया थांबल्या नाहीत. "तुमी जा," त्या मला म्हणाल्या. "तुमीच इचारा. मी हे पुरं केल्याबिगर उठत न्हाई."

मी उठले. ते दहा पावलांचं अंतर मी कसं चालले मला सांगता येणार नाही. सिस्टरांच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना, म्हणून त्यांच्या पायातल्या निळ्या चपलांकडं बघत विचारलं, "काय झालं?"

"काय होणार? टोपी झाली का? कापूस गुंडाळून किती वेळ ठेवू? सारखे हातपाय मारते आणि सगळं काढून टाकते."

मी मागं वळले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझं रडणं बघून सिंधुबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, टोपी मागतायत, टोपी!" मी ओरडले. सगळा व्हरांडा आमच्याकडं बघायला लागला.

सिंधुबाईंनी एकदा डोळे मिटले. मग पदरानं नाक पुसलं, सुई वळवली आणि टाके बंद करायला घेतले.

"दोन मिंटं दम धर म्हणावं माझ्या नातबाईला," त्या म्हणाल्या. "घाई केली तर कड वाकडी येती."