चादरीचा पडदा आणि धरणगावच्या अक्का

आत्या माहेरी यायला तयार झाली ती एका अटीवर. "गाडीत कुणाला कळलं तर पुढच्या स्टेशनला उतरून परत फिरायचं." गेल्या वर्षी तिचं आतड्याचं ऑपरेशन झालं आणि पोटावर शौचाची पिशवी आली. तेव्हापासून ती भडगावला गेलेलीच नाही. तिथे पिशवीचं कुणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या थोरल्या भावाला, नानाकाकांनाही नाही. म्हणून ते फोनवर रुसलेले, आणि ही इकडे भरिताच्या आठवणी काढत बसलेली.

पुण्याहून जळगावला रात्रीची गाडी. पडदेवाल्या एसी डब्यात जागा नव्हती, म्हणून स्लीपर. गरज असेल त्यांनी माझी युक्ती टिपून ठेवा: मधला बर्थ लावला की त्याच्या साखळ्यांना जाड चादर बांधायची आणि कडांना कपड्यांचे चिमटे लावायचे. खालच्या बर्थवर छान खोली तयार होते.

समोर धरणगावच्या एक अक्का होत्या. "तुम्हनं गाव कोनतं?" इथून सुरुवात. मग आडनाव, मुलं किती, माझा पगार किती! चौकशीअंती निघालं की त्यांची नणंद भडगावातच दिलेली, नानाकाकांच्या मागच्या गल्लीत. आत्याने माझा हात घट्ट धरला. इथे काही कळलं असतं तर आमच्याआधी ते भडगावात पोहोचलं असतं.

अक्कांना आत्याची शेंगदाण्याची चटणी वाढून जेवणं झाल्यावर पिशवीचा पट्टा नीट करायला आत्या पडद्याआड गेली, आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. पुण्यात पडदा लावला की माणसं मान वळवतात. आमचे खान्देशी लोक काळजीत पडतात! बघता बघता निम्मा डबा गोळा झाला.

"काय व्हयनं? बाईनी तब्येत बरी नही का?"

"डॉक्टरले बलावू का?"

एका काकांनी बामची बाटली थेट पडद्यात घातली. मला इतका राग आला की आता भांडणारच होते.

तेवढ्यात अक्का उठल्या. पडद्याकडे पाठ करून आमच्या बर्थच्या कडेवर ठाण मांडून बसल्या. "बठ्ठा आपापली जागावर जा! बाई लुगडं बदली राहिनी." माणसं ओशाळून सरकली. बामवाले काका तरीही रेंगाळत होते, तर अक्कांनी त्यांनाच धरलं. "आप्पा, तुम्हनं गाव कोनतं?" काका पारोळ्याचे निघाले. त्यांच्या तिन्ही पोरींची लग्नं सांगून होईपर्यंत आत्याचं काम निवांत आटोपलं.

सकाळी जळगावला उतरलो. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि भडगावची एसटी पकडली. नानाकाकांचा रुसवा दारातच संपला. दुपारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. थंडीत या आणि भरिताला हिरवी वांगीच घ्या, बाकी सगळी नाटकं.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली ती नणंद हजर! "आमनी वहिनीना फोन उनथा." आत्याचा चेहरा उतरला.

"काय म्हने ती?" आत्याने विचारलं.

"म्हने, तुम्हना हातनी शेंगदाण्यानी चटणी लई झकास शे. माले बी द्या थोडीशी."

बस, एवढंच. आत्या हसली, तिला डबा भरून चटणी दिली. संध्याकाळी नानाकाकांना आत बोलावून तिने पिशवीचं स्वतःच सांगितलं. काका म्हणाले, "इतलंच? मी समजनू तू मन्हावर नाराज शेस." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परतीच्या गाडीत पलीकडच्या बर्थवर एका पोरीने ओढणी बांधली, बाळाला पाजायला. दोघी-तिघी लगेच चौकशीला सरसावल्या. आत्या उठली, ओढणीकडे पाठ करून बसली आणि त्यातल्या थोरलीला म्हणाली, "माय, तुम्हनं गाव कोनतं?"

घरी येऊन चादर धुतली, चिमटे परत दोरीवर गेले. अक्कांचा फोन नंबर घ्यायचा राहिला, याची चुटपुट आहे. आमच्या घरातलं सगळं त्या बाईने विचारून घेतलं, अगदी पगारसुद्धा. पडद्याआड काय होतं, तेवढं मात्र विचारलं नाही.